एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र : ईश्वरसान्निध्यातील धाक आणि दिलासा

पवित्र शास्त्राच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत १३९ वे स्तोत्र हे ईश्वराच्या अखंड सान्निध्याचे स्तोत्र म्हणून ख्रिस्ती जगतात मान्यता पावलेले आहे. रुग्णाच्या शय्येजवळ, प्रवासास निघताना, दफनाच्या प्रसंगी ते वाचले जाते आणि वाचणाऱ्याची व ऐकणाऱ्याची अपेक्षा एकच असते : खचलेल्या मनाला आधार मिळावा. ही अपेक्षा गैर नाही. तथापि हे वाचन बहुधा वेचक असते. पहाटेचे पंख, अंधारालाही प्रकाश मानणारी दृष्टी, मातेच्या उदरातील घडण, एवढे तीन प्रसंग घेतले जातात. वेढा, पलायन आणि द्वेष हे तीन बाजूस ठेवले जातात. अशा वाचनाने दिलासा हे स्तोत्राचे गृहीतकृत्य ठरते. वस्तुतः ती स्तोत्राची निष्पत्ती आहे. ईश्वर सर्वत्र आहे हे विधान स्वभावतः सुखावह नाही. ते प्रथम धाक निर्माण करते आणि मनुष्य जेव्हा आपण होऊन त्या दृष्टीपुढे उभा राहण्यास संमती देतो, तेव्हाच ते आधार बनते. हा प्रवास स्तोत्राच्या रचनेत कसा घडतो हे दाखविणे आणि ख्रिस्ती परंपरेने त्याचा कोणत्या दिशेने विस्तार केला याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

स्तोत्रात एकूण २४ वचने आहेत आणि सहा-सहा वचनांचे चार गट सहज पडतात. पहिल्यात ईश्वराचे ज्ञान, दुसऱ्यात त्याचे सर्वत्र असणे, तिसऱ्यात त्याने केलेली कवीची घडण आणि चौथ्यात दुष्टांविषयीचा क्रोध व अखेरची विनवणी, असा विषयक्रम आहे. ‘जाणणे’ या अर्थाचा हिब्रू धातू नाम व क्रियापद मिळून सात वेळा येतो. प्रथम तीनदा ईश्वर कवीला जाणतो. चौथ्या वेळी ते ज्ञान कवीच्या आवाक्याबाहेरचे ठरते. पाचव्या वेळी, १४ व्या वचनात, जाणणारा कवीचा स्वतःचा जीव आहे. आणि शेवटच्या दोन वेळा कवी ईश्वराला आपणास जाणून घेण्याची विनंती करतो. स्तोत्राचा सारा आशय या क्रमात सूत्ररूपाने आलेला आहे.

पहिल्या वचनातील ‘हाकर’ हे क्रियापद लक्ष देण्याजोगे आहे. शोध घेणे, खणून पाहणे असा त्याचा भाव आहे. ईयोबाच्या २८ व्या अध्यायात खाणीत उतरून काळोखातील धातू हुडकणाऱ्या माणसासाठी तेच क्रियापद येते, आणि शास्ते या ग्रंथात हेरांनी परमुलूख तपासण्याच्या संदर्भातही तेच येते. म्हणजे कवीच्या अंतःकरणात ईश्वर पाहुणा म्हणून आलेला नाही. तो खाणीत उतरावे तसा उतरला आहे. बसणे, उठणे, वाट, विश्रांती, जिभेवर न आलेला शब्द, काहीही त्याच्यापासून सुटलेले नाही. या यादीत प्रेमाचा किंवा कृपेचा एकही शब्द नाही. ती केवळ तपासणीची यादी आहे.

पाचव्या वचनात हा सूर अधिक स्पष्ट होतो. ईश्वराने कवीला मागून व पुढून कोंडले आहे. येथे वापरलेले क्रियापद नगराला वेढा घालण्याच्या अर्थी रूढ आहे. अनुवाद या ग्रंथाच्या २० व्या अध्यायातील युद्धनियमांत ते त्याच अर्थाने येते. भाविक वाचक या वचनाचा अर्थ ‘सर्व बाजूंनी रक्षण’ असा करतात आणि तो सर्वस्वी अशक्य आहे असे नाही. तटबंदी आणि वेढा यांचे दृश्य रूप एकच असते. परंतु आत असलेल्या माणसाला बाहेरचे सैन्य आपले की परके हे ठाऊक नसेल तोवर त्या दृश्याने त्याच्या मनात भीतीच उत्पन्न होणार. या ठिकाणी कवीला ते ठाऊक नाही, निदान तसे तो म्हणत नाही. सहाव्या वचनात तो एवढेच म्हणतो की हे ज्ञान आपल्या आकलनापलीकडचे, फार उंचावरचे आहे. त्याच्या विस्मयात कृतज्ञतेपेक्षा दडपणच अधिक आहे.

२

यानंतर येणारा पलायनाचा प्रश्न त्यामुळेच स्वाभाविक वाटतो. ईश्वराच्या आत्म्यापासून कोठे जावे, त्याच्या मुखापासून कोठे पळावे, असे कवी विचारतो. ‘मुख’ या अर्थाचा हिब्रू शब्द ‘पानीम’ हाच ‘समक्षता’ या अर्थीही वापरला जातो. मराठीत ‘सर्वव्यापकता’ म्हटले की आकाशासारखे किंवा वायूसारखे काही तरी डोळ्यांसमोर येते. आकाशापासून पळण्याची इच्छा कोणाला होत नाही. पळावेसे वाटते ते आपल्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्यापासून. योना जेव्हा तार्शीशला जाणाऱ्या गलबतावर चढतो, तेव्हा तोही परमेश्वराच्या मुखापासूनच दूर जात असतो. स्तोत्रकाराने सर्वव्यापित्वाचे तत्त्व कोठेही अमूर्त स्वरूपात मांडलेले नाही. एका चेहऱ्यासमोरून आपणास हलता येत नाही, एवढाच त्याचा अनुभव आहे.

स्वर्ग आणि शेओल, म्हणजे अधोलोक, ही उभी रेषा. पहाटेचे पंख आणि समुद्राचे पैलतीर ही पूर्व-पश्चिम अशी आडवी रेषा. कवीने कल्पनेत दोन्ही तपासल्या आणि दोन्ही निरुपयोगी ठरल्या. हीच प्रतिमा इ. स. पूर्व आठव्या शतकातील संदेष्टा आमोस याच्या नावावरील ग्रंथात, ९ व्या अध्यायाच्या आरंभी आढळते. तेथे बोलणारा स्वतः ईश्वर आहे : लोक शेओलमध्ये खणून शिरले किंवा स्वर्गात चढले, कर्मेलच्या माथ्यावर लपले किंवा समुद्राच्या तळाशी गेले, तरी त्याचा हात त्यांना तेथून ओढून आणील. हा उघड दंडाचा इशारा आहे. ईयोबही ७ व्या अध्यायात मनुष्यावर सतत पहारा ठेवणाऱ्या ईश्वराने क्षणभर तरी नजर काढून घ्यावी अशी याचना करतो. म्हणजे ज्या सिद्धांतावर स्तोत्राचा दिलासा उभा आहे असे मानले जाते, त्याच सिद्धांतावर आमोसाचा दंड आणि ईयोबाची तक्रार उभी आहे. यावरून एवढे सिद्ध होते की केवळ सर्वत्र असण्यात सांत्वन नाही. सांत्वनाचा उगम दुसरीकडे शोधला पाहिजे.

त्याची पहिली खूण दहाव्या वचनात मिळते. आमोसाच्या वाणीत ईश्वराचा हात पकडून आणतो. येथे तो हात प्रथम वाट दाखवितो आणि मग धरून ठेवतो. वाट दाखविण्याचे हे क्रियापद २३ व्या स्तोत्रातील मेंढपाळाच्या संदर्भात येणारेच आहे. पाचव्या वचनात कवीवर टेकलेला तळहात आणि दहाव्या वचनात त्याला नेणारा हात एकाच्याच अंगाचे आहेत. हाताचे काम पालटले आहे. आणि हा पालट कवीच्या ध्यानात आला तो पळण्याचा विचार शेवटास नेल्यावर.

इंग्रज कवी फ्रान्सिस टॉम्सन (१८५९–१९०७) याच्या १८९३ मधील संग्रहात आलेल्या ‘द हाउंड ऑफ हेवन’ या प्रसिद्ध कवितेशी येथे तुलना सुचते. तेथे पलायन प्रत्यक्ष घडते, वर्षानुवर्षे चालते, आणि अखेर पळणाऱ्याला शंका येते की आपल्यावर पडलेली काळी छाया ही जवळ घेण्यासाठी पुढे झालेल्या हाताचीच असावी. स्तोत्रात मात्र पलायन केवळ ‘जरी’च्या वाक्यांत आहे. टॉम्सनचा नायक थकून थांबतो. स्तोत्रकार विचार पुरा करून थांबतो. म्हणून टॉम्सनची कविता अधिक नाट्यमय, तर स्तोत्र अधिक निर्णायक आहे.

३

अकराव्या व बाराव्या वचनांत अंधाराचा प्रसंग आहे. या वचनांचा सर्वाधिक विपर्यास सांत्वनपर वाचनात होतो, कारण अंधार नाहीसा झाला असे समजले जाते. मूळात तसे नाही. अंधार ईश्वराला अंधार वाटत नाही, एवढेच कवी म्हणतो. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसू लागले असा एक शब्दही तेथे नाही. रात्र त्याच्यापुरती रात्रच राहते. त्या रात्रीत दुसऱ्या कोणाला तरी दिसत आहे ही जाणीव मात्र नवी आहे. ज्याचा अंधार सरलेला नाही अशा माणसाला हे स्तोत्र वाचून दाखविण्याचा अधिकार वाचकाला मिळतो तो याच काटेकोर भेदामुळे. अंधार संपला असे सांगणारे स्तोत्र अशा माणसासमोर खोटे ठरले असते. स्तोत्रसंहितेतच ८८ वे स्तोत्र अंधार या शब्दावर संपते, आणि संग्राहकांनी ते तसेच ठेवले आहे, हेही या संदर्भात विसरता येत नाही.

पण दुसऱ्या कोणाला दिसते, एवढ्याने तरी मनुष्य का निर्धास्त व्हावा? याचे उत्तर तेराव्या वचनाच्या पहिल्याच शब्दात आहे. तो शब्द ‘कारण’ या अर्थाचा आहे. अनुवादांत तो पुष्कळदा निष्प्रभ होतो आणि मातेच्या उदराचा प्रसंग नवा विषय असल्यासारखा वाचला जातो. वस्तुतः तो अंधाराच्या विधानाचा पुरावा आहे. कवीचे अंतर्याम ज्या ठिकाणी घडले, ते ठिकाणही पूर्ण अंधाराचे होते. तेथे त्याला स्वतःला काही दिसत नव्हते, तो काही जाणत नव्हता, पळण्याची किंवा संमतीची शक्तीही त्याच्या ठायी नव्हती. आणि तरीही तेथे विणकाम चालले होते. पंधराव्या वचनात हेच ठिकाण पृथ्वीच्या खोल भागांच्या रूपकाने सांगितले आहे, आणि त्यामुळे आठव्या वचनातील शेओलची आठवण अपरिहार्यपणे होते. भयाचे स्थान आणि उगमाचे स्थान या दोहोंसाठी कवी जवळजवळ एकच भूगोल वापरतो. पुढे येणाऱ्या काळोखाविषयी त्याचा विश्वास मागे पडलेल्या काळोखाच्या साक्षीवर उभा आहे.

याच ठिकाणी पहिल्या गटातील दडपणाचे रूपांतर होते. सहाव्या वचनात ज्ञानाची अद्भुतता कवीला आपल्यापासून दूर सारत होती. चौदाव्या वचनात त्याच कुळातील शब्द तो स्वतःच्या घडणीसाठी वापरतो आणि त्याला आभाराची जोड देतो. जो जाणतो त्याने घडविले आहे, आणि घडविणाऱ्याचे जाणणे हे हेराचे जाणणे नव्हे. अठराव्या वचनात, झोपेतून जागे झाल्यावर, कवी ईश्वर आपल्याबरोबर आहे असे म्हणत नाही; आपण अजून त्याच्याबरोबर आहोत असे म्हणतो. वाक्याचा कर्ता बदलला आहे. वेढ्यात सापडलेला माणूस आता सोबतीत असलेला माणूस झाला आहे.

४

येथेच स्तोत्र संपले असते तर ते निर्दोष भक्तिगीत ठरले असते. परंतु एकोणिसाव्या वचनापासून चार वचने दुष्टांच्या नाशाची मागणी आणि त्यांच्याविषयीचा संपूर्ण द्वेष यांना दिलेली आहेत. अनेक वाचकांना ती असह्य वाटतात. रोमन कॅथलिक चर्चच्या दैनंदिन प्रार्थनाविधीची सुधारित आवृत्ती १९७१ मध्ये सिद्ध झाली, तेव्हा ही वचने तिच्यातून गाळण्यात आली. सी. एस. ल्यूइस यांनी १९५८ मधील स्तोत्रविषयक ग्रंथात अशा शापवचनांना स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले, यावरूनही हा प्रश्न किती बोचरा आहे ते कळते.

जर्मन पंडित एर्न्स्ट व्यूर्टव्हाइन यांनी १९५७ मध्ये या स्तोत्राचा उलगडा खोट्या आरोपात सापडलेल्या माणसाची प्रार्थना असा केला. चोविसाव्या वचनात ज्या मार्गाचा उल्लेख आहे त्याचा अर्थ ‘दुःखाचा मार्ग’ असाही होतो आणि ‘मूर्तीचा मार्ग’ असाही होऊ शकतो. दुसरा अर्थ घेतल्यास आरोप मूर्तिपूजेचा ठरतो आणि सर्वज्ञ ईश्वर हा आरोपीचा एकमेव साक्षीदार ठरतो. या मताने स्तोत्राची एकात्मता चांगली राखली जाते, हे कबूल केले पाहिजे. निरपराध माणसाला सर्व जाणणारा न्यायाधीश हाच आधार असतो. तथापि पहिल्या बारा वचनांतील कोंडमारा त्याने पूर्णपणे समजत नाही. केवळ निर्दोष म्हणून उभा असलेला माणूस पळण्याचा विचार का करील?

म्हणून शेवटच्या दोन वचनांना विशेष महत्त्व येते. द्वेषाचे उद्गार पुरे होताच कवी एकाएकी म्हणतो की ईश्वराने आपला शोध घ्यावा. पहिल्या वचनातील तेच क्रियापद येथे पुन्हा येते. पण तेथे ते घडून गेलेल्या गोष्टीचे कथन होते, येथे ती मागणी आहे. त्याच्या जोडीला धातूची कसोटी घेण्याच्या अर्थाचे दुसरे क्रियापद आले आहे. जखऱ्याच्या ग्रंथात सोन्याच्या संदर्भात तेच वापरलेले आहे. मराठीतील ‘पारखणे’ हा सराफकट्ट्यावरचा शब्द या दुसऱ्या क्रियापदाला नेमका लागू पडतो. पहिल्यात खाणीतील शोध आहे, दुसऱ्यात हाती आलेल्या धातूची पारख. शत्रूंवर इतक्या आवेशाने तुटून पडलेल्या मनाला लगेच आपल्यातही वाईट वाट असेल अशी शंका येते. द्वेषाची वचने गाळली तर ही शंका कोठून उगवली ते कळत नाही आणि अखेरची विनवणी शिष्टाचारासारखी वाटू लागते. त्या वचनांचे समर्थन करण्याची गरज नाही; पण ती स्तोत्रात असल्यामुळेच, ईश्वराच्या दृष्टीपुढे मनुष्य आपले कुरूपही उघडे ठेवतो, हे सिद्ध होते. जे लपविले आहे त्याला दिलासा देता येत नाही. शेवटच्या वचनात वाट दाखविण्याचे दहाव्या वचनातील क्रियापद पुन्हा येते, आणि हाताचे कार्य आता कवीच्या इच्छेने चालू होते.

५

ख्रिस्ती विचारपरंपरेने हाच भेद आपल्या परिभाषेत मांडलेला आहे. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने ‘सुम्मा’मध्ये ईश्वराचे सर्व वस्तूंतील अस्तित्व तत्त्वतः, शक्तितः आणि समक्षतेने, असे तीन प्रकारांनी सांगितले. समक्षता म्हणजे सर्व काही त्याच्या डोळ्यांपुढे उघडे असणे, असा अर्थ त्याने दिला आहे. हे सान्निध्य दगडालाही आहे आणि पाप्यालाही आहे. त्याहून निराळे सान्निध्य कृपेचे. त्यात ईश्वर जाणणाऱ्याच्या व प्रेम करणाऱ्याच्या अंतरात ज्ञेय व प्रिय म्हणून वसतो. स्तोत्राचे पहिले वचन पहिल्या प्रकारात आणि शेवटचे दुसऱ्या प्रकारात मोडते, असे म्हणावयास हरकत नाही. सामान्य सान्निध्य मनुष्याच्या इच्छेची वाट पाहत नाही. दिलासा मात्र पाहतो.

याच्याही पलीकडचे पाऊल ऑगस्टिनने (मृत्यू ४३०) टाकले होते. लॅटिन पाठात १३८ वा क्रमांक असलेल्या या स्तोत्रावरील निरूपणात तो ते ख्रिस्ताच्या मुखी घालतो. आधुनिक ऐतिहासिक समीक्षेला ही रीत मान्य होणार नाही. परंतु तिच्यातून स्तोत्राला कोणते वळण मिळाले ते पाहण्यासारखे आहे. ईस्टरच्या रविवारी रोमन उपासनेच्या आरंभी गायिले जाणारे लॅटिन प्रवेशगीत याच स्तोत्राच्या १८, ५ व ६ या वचनांवरून रचलेले आहे. जागे होणे हे तेथे पुनरुत्थान झाले आहे; वेढा घालणाऱ्या वचनातील हात पुनरुत्थित पुत्रावर टेकलेला पित्याचा हात झाला आहे; आणि शेओल हे केवळ काव्यातील टोक न राहता, प्रेषितांच्या मतांगीकारात म्हटल्याप्रमाणे ख्रिस्त जेथे प्रत्यक्ष उतरला ते स्थान झाले आहे.

मत्तयाचे शुभवर्तमान ‘आम्हांबरोबर देव’ या अर्थाच्या इम्मानुएल या नावाने सुरू होते आणि युगाच्या समाप्तीपर्यंत सोबतीच्या अभिवचनाने संपते. पण या दोन टोकांच्या मध्ये क्रुसावरील परित्यक्ताची आरोळी आहे, आणि ती २२ व्या स्तोत्राच्या आरंभाची आहे. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेत अखंड सान्निध्य म्हणजे सान्निध्याची अखंड जाणीव नव्हे. जाणीव तुटू शकते. ख्रिस्ताच्या मुखातही ती तुटल्याचे शब्द आहेत. ईश्वर जवळ असल्याचे जाणवत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या दुःखी माणसाला या परंपरेने दिलेला खरा आधार हाच आहे, आणि बाराव्या वचनातील भेदाशी तो पूर्णपणे जुळतो.

६

मराठी वाचकाच्या कानावर हे स्तोत्र पडते तेव्हा त्याच्या मनात वारकरी संतांचा सोबती विठ्ठल आधीच उभा असतो. तुकारामांच्या अभंगांतील देव हात धरून चालविणारा सांगाती आहे. जनाबाईबरोबर तो दळण दळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा अंगीकार केला आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचल्याची भावना व्यक्त केली, ती या आत्मीयतेमुळेच. या संस्कारामुळे स्तोत्राचा उत्तरार्ध मराठी मनाला सहज कळतो. पूर्वार्ध मात्र निसटण्याचा धोका असतो. गीतेच्या ९ व्या अध्यायात ईश्वराला साक्षी आणि सुहृद ही दोन्ही पदे एकाच श्लोकात दिली आहेत. तेथे ती एका ओळीत सुखाने नांदतात. हिब्रू कवीला साक्षीपासून सुहृदापर्यंत चालत जावे लागले आहे. पंडिता रमाबाई यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचून मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ शब्दांचा खडबडीतपणा मराठी वाचकापर्यंत पोहोचावा ही निकड महत्त्वाची आहे. स्तोत्रांच्या अभ्यासात ती निकड आजही कायम आहे. वेढ्याचा शब्द मवाळ केला, ‘कारण’ हा शब्द गाळला, किंवा आरंभीच्या व अखेरच्या शोधासाठी दोन भिन्न क्रियापदे योजली, तर स्तोत्र गोड होईल, परंतु त्याचा प्रवास नाहीसा होईल.

एकंदरीत पाहता १३९ व्या स्तोत्राचा दिलासा तीन अंगांनी सिद्ध होतो : पळण्याच्या सर्व दिशा मनात तपासून झाल्या आहेत, ज्या अंधाराची भीती वाटते तशाच अंधारात आपली घडण झाली हे आठवले आहे, आणि स्वतःतील द्वेषासकट ओळखले जाण्यास होकार दिला आहे. यांतील एकही अंग वगळले तर उरते ते केवळ सर्वव्यापित्वाचे विधान, आणि तेवढे आमोसाच्या श्रोत्यांनाही माहीत होते. दुःखिताच्या उशाशी हे स्तोत्र वाचावयाचे असेल तर ते पहिल्या वचनापासून चोविसाव्यापर्यंत वाचावे, हाच या विवेचनाचा व्यवहारातील निष्कर्ष आहे.